जमादारांचा पाय

जमादार येसनाक काबूलच्या लढाईत एक पाय गमावून आले होते. सरकारने त्यांना लाकडी पाय दिला. त्यांची बायको भागाई दर शनिवारी त्याला तेल चोळायची आणि म्हणायची, “तुमच्या दोन पायांत हाच शहाणा. न सांगता कुठं जात नाही.”

एकदा जमादार पुतण्याला घेऊन छावणीत गेले. भरतीचा साहेब नवा होता. मान वर न करताच तो म्हणाला, “महारांची भरती बंद. वरून हुकूम आलाय. तुमची जात लढवय्यी नाही.”

जमादारांनी वाद घातला नाही. बाकावर बसून पट्टे सोडले आणि लाकडी पाय साहेबाच्या टेबलावर, त्या हुकमावरच उभा केला.

“सरकारी माल आहे, साहेब, जमा करून घ्या. आम्ही लढवय्ये नाही, म्हणजे मी लढलोच नाही. मग माझा पाय लढाईत गेला कसा? सरकारकडे चुकून राहिला असेल. तेवढा शोधून द्या, मी निघतो.”

साहेबाने आता मान वर केली. “जमादार, पाय घाला. घरी कसे जाल?”

“पुतण्याच्या खांद्यावर. त्याला भरती केलंत की पाय त्याच्याच हाती पाठवा.”

चार दिवस पाय टेबलावर उभा होता. येणारा प्रत्येक जण तो कुणाचा म्हणून विचारी, आणि साहेबाला सगळं सांगावं लागे.

पाचव्या दिवशी पुतण्या दारात आला. अंगावर नवी वर्दी, काखेत पाय.

भागाईने पाय हातात घेतला, पदराने पुसला आणि नवऱ्याकडे पाहून म्हणाली, “एकटाच लढून आला की हो.”