काडेपेटीचा अंधार

काड्या संपल्या की काडेपेटी चुलीत जायची, त्या काळातली ही गोष्ट. एका रिकाम्या काडेपेटीत कौशीने हिरवंगार सोनपाखरू पाळलं. रोज ती त्याला बाभळीचा कोवळा पाला घाली. चूल टळली म्हणून काडेपेटी खूश होती. पण थोड्याच दिवसांत पाखराने खाणं सोडलं.

"माझ्या अंधारानेच तुझा घात केला," काडेपेटी कळवळली.

"वेडी कुठली!" पाखरू म्हणालं. "माझं अख्खं आयुष्य अळी होऊन बाभळीच्या मुळाशी, मातीच्या अंधारातच गेलं. आम्हाला पंख फुटतात ते शेवटी, अंडी घालण्यापुरते. तुझ्याकडे मला माहेरी आल्यासारखं वाटलं. माझी अंडी तेवढी मुळांपाशी पोचव." एवढं बोलून त्याने प्राण सोडला.

कौशी रडून रडून लाल झाली. "मेली, हिनेच मारलं!" म्हणत तिने काडेपेटी चुलीपाशी नेली.

"मला खुशाल जाळ," काडेपेटी म्हणाली, "पण आधी कोपऱ्यातली अंडी बाभळीखाली पूर. त्याचे दिवसच भरले होते गं, पोरी."

कौशीने अंडी पाहिली, आणि काडेपेटीसकट बाभळीच्या मुळाशी पुरली.

ओल्या मातीत पुठ्ठा विरत गेला. शेवटचा कोपरा उरला, तेव्हा काडेपेटीला मुळं कुरतडल्याचा बारीक आवाज आला. "चुलीत गेले असते, तर हे ऐकायला मिळालं नसतं," ती म्हणाली, आणि सुखाने माती झाली.