फाळाची हाक

करंजसोंडीच्या चर्चपाशी आलेले पाहुणे आधी मान वर करून घंटा पाहतात. घंटा आहे, आवाजही गोड आहे. पण ईस्टरच्या पहाटे तिला कोणी हात लावत नाही. त्या पहाटे वाजतो तो शेजारच्या लिंबाला टांगलेला नांगराचा गंजका फाळ. का, असं विचारलं की गावातले म्हातारे फिलीपमामा पाहुण्यांना सावलीत बसवतात आणि मगच सांगू लागतात. घाई त्यांना ठाऊक नाही.

चर्च नंतर बांधलं, लिंब मात्र प्लेगच्या वेळचा. त्या साली म्हणे गाव ओस पडलं आणि माणसं या माळावर लांब लांब झोपड्या घालून राहिली. कोणी कोणाच्या झोपडीशी जायचं नाही, असं ठरलं होतं. उपासना बंद, एकत्र प्रार्थना बंद. शेजारचा जिवंत आहे की नाही, तेही कळेना. तेव्हा मार्थाबाई नावाच्या विधवेने लिंबाला हा फाळ टांगला. उजाडलं की ती तो वाजवी आणि ज्याने त्याने आपल्या झोपडीतून ताटली बडवून उत्तर द्यायचं, की प्रभूने आजचाही दिवस दाखवला. लोक त्या आवाजाला इतके आसुसले होते, की ताटल्यांना पोचे येईपर्यंत बडवत, असं सांगतात.

मार्थाबाईची एकुलती एक लेक रूथ नवऱ्यासोबत ओढ्यापलीकडे राहायची. तिच्या ताटलीचा आवाज आई बरोबर ओळखायची. एका सकाळी तो आला नाही. पुढच्या सकाळीही नाही. लोक लांबूनच म्हणाले, "मार्थाबाई, आता आस सोडा. प्रभूची मर्जी."

"मर्जीचं मला नका सांगू," ती कडाडली. "तापानं हात गळाला असंल पोरीचा. तुमच्या दणदणाटात तिची टिचकी कुठून ऐकू यायची? उद्या बडवून झालं की गप व्हा. येकानं खोकायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी तिने लेकीसाठी कण्यांची पेज करून ठेवली. टिचकी ऐकू आली, की ठरलेलं मोडून जायचंच, असा तिचा निश्चय होता. फाळ वाजला, ताटल्या वाजल्या आणि सगळा माळ गप झाला. मार्थाबाई ओढ्याकडे कान लावून उभी राहिली. तिकडून काहीच आलं नाही. आवाज आला तो पाठीमागून, बाभळींतून. तांब्यावर नख मारावं, तेवढाच.

बाभळींत शमुवेलआबाची झोपडी होती. आबा भारी तिरसट. त्याचं उत्तर येईनासं झालं होतं, ते कोणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. धडधाकट असतानाही तो कोणाला धड उत्तर देत नसे.

मार्थाबाई मटकन खाली बसली आणि रडली. कान कोणासाठी लावला होता आणि देवाने ऐकवलं काय! तिला देवाचा रागच आला. पण मग ती उठली, एकदा ओढ्याकडे पाहिलं आणि पेजेचं मडकं घेऊन बाभळींकडे चालू लागली. तिला कोणी अडवलं नाही. म्हातारा वाचला. मागून ओढ्यापलीकडे गेलेल्यांना मात्र रूथला आणि जावयाला माती द्यावी लागली.

दुसऱ्या सकाळी फाळ वाजणार नाही, असंच सगळे धरून चालले होते. तो वेळेवर वाजला. ताटल्या थांबल्या तशी मार्थाबाई पुन्हा ओरडली, "गप व्हा!" आता कोणासाठी, असं कोणीतरी विचारलं.

"माझी हाक रूथला ऐकू गेली न्हाई," ती म्हणाली. "प्रभू हाक मारील त्या दिवशी ती उठंल अन् ओ देईल. तवर दुसऱ्या कुणाची टिचकी बुडू द्यायची न्हाई."

आजही ईस्टरच्या, म्हणजे प्रभू मेलेल्यांतून उठल्याच्या पहाटे फाळ वाजतो, घरोघरी ताटल्या वाजतात आणि मग अख्खं गाव गप होतं, लेकरंसुद्धा. जो खाटेला खिळलाय, दुखण्यात आहे, एकटा पडलाय, त्याने तेव्हा तांब्यावर टिचकी मारायची. सणाचं पहिलं ताट त्याच्या घरी जातं.

गेल्या वर्षी मामी वारल्या. त्यानंतरच्या ईस्टरला मामा कोणाशी बोलत नव्हते, चर्चलाही जाणार नव्हते. शांतता पडली तेव्हा त्यांचा हात आपसूक तांब्याकडे गेला, असं ते सांगतात.

"हळूच मारली हो," मामा म्हणतात. "दार उघडलं, तर सगळा गाव ताट घेऊन उभा."