वरातीतला रुमाल

गावातल्याच गायिका हर्षदा टिपुगडेचं 'बाजूला व्हा' हे गाणं आलं आणि सगळ्या गावात चर्चा पेटली. व्हिडिओत गावातल्या लेकीसुना भर रस्त्यात वरातीतल्यासारख्या नाचत होत्या. दातांत रुमाल धरून नागीण काय, रस्त्यावर लोळण काय!

सरपंच दौलततात्यांनी देवळापुढे गाव गोळा केलं. "हा थिल्लरपणा इथं चालणार नाही. व्हिडिओ काढून टाक, नाहीतर जत्रेत तुला स्टेजवर पाय ठेवू देणार नाही."

बायका माना खाली घालून बसल्या होत्या. हर्षदा उठली. "वाईट असेल ते काढते, तात्या. पण नेमकं काय वाईट?"

"तो रुमाल. ते लोळणं. कुणी शिकवलं तुम्हाला हे?"

"तुम्हीच," हर्षदा म्हणाली. "तुमच्या मुलाच्या, संग्रामच्या वरातीत तुम्ही नाचलात, त्याचं शूटिंग बघून आम्ही बसवलंय. वरातीत आम्हाला कुणी नाचू देत नाही, मग शिकायचं कुठून? तुम्ही केली नाही अशी एक स्टेप दाखवा, आत्ता काढते. आणि नृत्यदिग्दर्शक म्हणून तुमचं नाव घालायचं राहिलं, त्याचा राग असेल तर तेही घालते."

गाव खदखदून हसलं. तात्यांनी हसू दाबून बघितलं, पण जमलं नाही. "नाव नको," ते पुटपुटले. "व्हिडिओ राहू दे."

गावात पुढची वरात निघाली तेव्हा बायका पहिल्यांदाच बँडपुढे आल्या. सगळ्यांत पुढे होत्या तात्यांच्या बायको, मालतीकाकू. त्यांनी नवऱ्यापुढे हात केला. तात्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि खिशातला रुमाल काढून दिला.