द्वारकाबाईंचा तीनचा खेळ

नदीकाठच्या एका बाजारगावात एक जुने चित्रपटगृह होते आणि ते द्वारकाबाई लोणारी चालवीत असत. नवरा गेल्यावर तिकीटखिडकीपासून पडद्यापर्यंत सगळे त्यांनीच सांभाळले. पण हमरस्त्यावर तीन पडद्यांचे, गार हवेचे नवे चित्रपटगृह झाले आणि द्वारकाबाईंच्या खुर्च्या ओस पडू लागल्या. धाकटे दीर सखाहरी रोज म्हणायचे, "वहिनी, पाडून टाकू हे. मंगल कार्यालय बांधू." द्वारकाबाईंना ते पटत नसे. दारावरचा माणूस, यंत्र चालवणारा, झाडलोट करणारी, सगळ्यांची चूल त्या पडद्यावर पेटत होती.

अशात एक दिवस निवृत्ती खरात नावाचे चित्रकलेचे मास्तर आले. मित्रांना जमवून त्यांनी एक चित्रपट केला होता. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणाऱ्या म्हाताऱ्याचे दात पडतात आणि त्याला वाद्य फुंकता येत नाही, एवढीच त्यातली गोष्ट. नावाजलेला नट एकही नाही. खरे बँडवालेच त्यात काम करत होते.

"कुणी दारात उभं करत नाही, बाई," मास्तर म्हणाले. "हिरो कोण, एवढंच विचारतात."

द्वारकाबाईंना मास्तरांच्या पायांतल्या धुळीने माखलेल्या चपला दिसल्या. त्या म्हणाल्या, "दुपारचा तीनचा खेळ तुमचा. येत्या शुक्रवारपासून दोन आठवडे. दिला शब्द."

दुसऱ्याच दिवशी शहरातून मोटार आली. मोठ्या कंपनीचे जहागीरदारसाहेब उतरले. त्यांच्या कंपनीच्या 'वज्रवीर' चित्रपटाचे पाच भाग गाजले होते.

"शुक्रवारी सहावा भाग लागतोय," ते म्हणाले. "तुम्हाला देतो. पण चारही खेळ आमचेच."

"तीनचा सोडून बाकीचे घ्या, साहेब."

"चार, नाहीतर एकही नाही. आणि पुढचे भागही विसरा."

सखाहरींनी वहिनींना बाजूला घेतले. "अहो, तो मास्तर कोण कुठला? त्याचा पुढच्या महिन्यात लावू. सोन्यासारखी संधी दारात आलीय!"

मास्तरांना नाही म्हटले असते, तर ते भांडायलाही आले नसते. मान खाली घालून निघून गेले असते. तेच द्वारकाबाईंना टोचत होते. त्या परत येऊन म्हणाल्या, "तीनचा खेळ मी दिलेला आहे, साहेब. तो मोडून तुमचा घेतला, तर उद्या तुम्ही तरी माझ्या शब्दावर का विसंबाल?"

मोटार निघून गेली. वज्रवीर हमरस्त्यावर लागला.

शुक्रवारी तिकडे जत्रा लोटली. इकडे तीनच्या खेळाला बोटांवर मोजण्याइतकी माणसे. मध्यंतरात मास्तर ओशाळून आले. "बाई, माझा उतरवा. माझ्यापायी तुमचं दार बंद व्हायला नको."

आता द्वारकाबाई शब्दातून मोकळ्या होत्या. पण त्या म्हणाल्या, "मी अजून नीट पाहिलाच नाही. थांबा जरा." आणि त्या शेवटच्या रांगेत जाऊन बसल्या.

पडद्यावर म्हाताऱ्याने क्लॅरिनेट ओठांना लावली. आतून नुसता वारा आला. वरात थांबली. घोड्यावरचा नवरदेव खाली वाकून म्हणाला, "बाबा, तुम्ही नुसते पुढे चाला. बाकीचे वाजवतील." द्वारकाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मग घोडाच अडून बसला, तेव्हा त्या खळखळून हसल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "मास्तर, हा उतरवायचा नाही. हा लोकांपर्यंत पोचवायचा."

रविवारी आठवडी बाजार होता. रिक्षावर कर्णा बांधून द्वारकाबाई स्वतः भाजीवाल्यांच्या ओळीत उभ्या राहिल्या. "आपल्यासारख्या माणसांचं चित्र आहे. हाणामारी नाही, विमानं नाहीत. बघा, आणि नाही आवडलं तर मला तोंडावर सांगा!"

काही बायका आल्या. त्यांनी घरी जाऊन सासवांना सांगितले. बँडवाले आले, ते गणवेश घालूनच. बघून गेलेला माणूस दुसऱ्याला घेऊन परत येऊ लागला. दुसऱ्या आठवड्यात शेजारच्या गावांतून टेम्पो भरून लोक आले. सकाळचा खेळही त्याच चित्रपटाला द्यावा लागला. आणि तिकीटखिडकीत बसून सखाहरीच ओरडत होते, "संपली तिकिटं! उद्या या, ताई, उद्या!"

तिकडे हमरस्त्यावर वज्रवीरची गर्दी ओसरली होती. सहावा भाग पाचव्यासारखाच आहे, असे पोरेसोरेसुद्धा म्हणू लागली होती. जहागीरदारसाहेबांची मोटार पुन्हा दारात आली.

"बाई, मास्तरांचा चित्रपट आम्हाला इतर गावांत लावायचाय. ते म्हणतात, आधी तुम्हाला विचारा."

"लावा की. जितक्या गावांत लावाल तितकं बरं. फक्त इथला तीनचा खेळ हलवायचा नाही."

साहेब घुटमळले. "आणि वज्रवीरचा पुढचा भाग? एक खेळ दिलात तरी चालेल."

द्वारकाबाई हसल्या. "आणा. मुलांना आवडतो तो. दोघांनाही जागा आहे इथं."

मोटार वळून दिसेनाशी झाली. द्वारकाबाई पायरीवर टेकल्या. महिनोन्महिने छातीवर ठेवलेला धोंडा कुणी अलगद उचलावा, तसे त्यांना वाटले. मग एकाएकी त्यांच्या लक्षात आले, की आपल्याला कडकडून भूक लागली आहे. त्या उठल्या आणि घरी जाऊन पोटभर जेवल्या.

तात्पर्य: मोठ्याच्या धाकाने लहानाला दिलेला शब्द मोडू नये. मनापासून केलेल्या कामाला थोडी जागा आणि थोडा वेळ मिळाला, की ते आपली माणसे आपणच गोळा करते.