पहिलं पाऊल कुठे पडलं?

सुदानहून जीव मुठीत धरून निघालेली इख्लास युरोपच्या उत्तरेकडच्या एका देशात आश्रय मागत होती. तिथल्या आश्रय-कचेरीतल्या साहेबांनी तिचा अर्ज उघडलासुद्धा नाही.

"युरोपात पहिलं पाऊल जिथे पडलं, त्याच देशाने अर्ज तपासायचा. तुमच्या बोटांचे ठसे दक्षिणेकडच्या देशाच्या बंदरात घेतलेत. उद्या तिकडे परत जा!"

त्याच बंदरातून इख्लासच्या भावाला सुदानला परत धाडलं होतं. तेवढ्यात तिला साहेबांच्या मागे एक फोटो दिसला. एक जहाज बुडत्या माणसांना वर घेत होतं.

"साहेब, हे जहाज कुणाचं?"

"आमचं!" साहेबांची छाती फुगली. "आमचा झेंडा जिथे, तिथे आमचा देश!"

"मग शिडीवरून जहाजावर पाय ठेवणारी ती बाई बघा. माझ्या डोक्यावर आहे तीच ओढणी, पिवळी. आता माझं पहिलं पाऊल कुठे पडलं, ते तुम्हीच लिहा."

साहेबांनी अर्ज पुढे ओढला आणि उघडला.