मोहोरबंद कुंडीतली आमरी

विषय: सुरकुतलेल्या कंदांची आमरी, म्हणजे ऑर्किड, कुंडीबाहेर काढण्याची परवानगी मिळण्याबाबत.
संदर्भ: एका म्हातारीचे तीन अर्ज.

उपरोक्त विषयास अनुसरून नमूद करण्यात येते की, फार पूर्वी एका राज्यात एक म्हातारी राहत होती. तिच्या अंगणात आंबा होता आणि आंब्याच्या खोडावर आमरी. वादळात मोडून पडलेल्या फांदीवरची ती आमरी तिच्या नवऱ्याने रानातून आणून काथ्याने खोडाला बांधली होती. पुढे नवरा गेला, काथ्याही झिजून गेला, आमरी राहिली. नऊ टपोरे कंद आणि दरवर्षी जांभळे तुरे. म्हातारी तिच्यासाठी फारसे काही करत नसे. आमरीला तेच मानवले होते.

एके दिवशी राजाला प्रजेच्या झाडांविषयी कळवळा आला. फर्मान निघाले की, राज्यातली प्रत्येक आमरी यापुढे सरकारी देखरेखीत वाढेल. शिपाई आले. त्यांनी आमरी खोडावरून खरवडून काढली आणि चकचकीत राजकुंडीत ओल्या मातीत रोवली. कुंडीला खाली भोक नव्हते. तिथे राजमुद्रा होती आणि राजमुद्रेला भोक पाडणार कोण? कुंडीच्या तोंडावर जाळी बसवून तिला लाखेची मोहोर लावली, म्हणजे कोणी कंद चोरायला नको. मोहोर तोडणाऱ्याला बारा फटके. मग ती कुंडी म्हातारीच्याच ओसरीवर ठेवून शिपाई निघून गेले. रोज पाणी घालायला एक कारकून नेमला गेला.

महिन्याभरात कंद सुरकुतले.

"आजी, कंद सुकलाय. नियमाप्रमाणे आजपासून दोन तांबे," कारकून म्हणाला.

"अरे बाबा, तो तहानेनं सुकलाय हे खरं. पण पाणी कमी पडून नाही. खाली मुळं कुजलीत. पाणी वर चढणार कशानं? वास घेऊन बघ."

"वास घेणं माझ्या कामात येत नाही."

त्याने दोन तांबे ओतले, वहीत नोंद केली आणि तो गेला.

म्हातारीने दरबारात अर्ज केला. पंधरा दिवसांनी उत्तर आले: कुंडी मोहोरबंद असता आतली मुळे कुजल्याचे अर्जदारास कसे कळले, याचा खुलासा करावा. तोवर दोन कंद काळे पडून गळाले होते. तिने खुलासा केला, की नाकाने कळले. त्यावर उत्तर आले: पुराव्यादाखल कुजलेल्या मुळाचा तुकडा जोडावा, मात्र मोहोर तोडू नये. तोवर आणखी तीन गेले. म्हातारीने तिसरा अर्ज केला. त्यात मजकूर थोडा आणि शिव्या जास्त होत्या. त्याला उत्तरच आले नाही. सहावा कंद गेला, सातवाही गेला.

रोज सकाळी कारकून मात्र वेळेवर येत होता. एकदा म्हातारीने तांब्यासकट त्याचा हात धरला.

"तुझ्याही घरी आमरी असेल ना रे?"

"होती. गेली दोन महिन्यांपूर्वी."

"मग?"

"मग काय? पाणी चालू आहे."

म्हातारीने त्याचा हात सोडला. तो दोन तांबे ओतून गेल्यावर तिने घरातून विळी आणली आणि मोहोर फोडली.

कुंडीतून चिखल निघाला आणि डबक्याचा वास आला. मुळे बोटाने दाबली की लिबलिबीत होऊन हातात येत होती. तिने विळीचे पाते चुलीवर तापवले, काळे होते तेवढे सगळे कापून टाकले, कापल्या जागी हळद लावली. उरलेले दोन कंद एक दिवस सावलीत सुकू दिले. मग ते नव्या काथ्याने पुन्हा आंब्याला बांधले. चार दिवस पाण्याचा थेंबही दाखवला नाही. नंतर रोज सकाळी नुसता शिडकावा.

मोहोर फोडल्याच्या दुसऱ्याच दिवशी कारकून आला.

"आजी, मोहोर तुटलीय."

"तुटली नाही, मी तोडली. लिही."

त्याने वही उघडली. वहीत रकाने दोनच होते. कंद सुकला आहे की नाही, आणि पाणी घातले की नाही. मोहोरेला रकानाच नव्हता. त्याने बराच वेळ विचार केला. मग रिकाम्या कुंडीत दोन तांबे ओतले आणि तो पुढच्या घरी गेला.

दीड महिन्याने एका कंदाच्या बुडाशी कोंब फुटला, हिरवा आणि गुळगुळीत. जुन्या दोन कंदांच्या सुरकुत्या काही पुरत्या गेल्या नाहीत. शेजारीण बघायला आली आणि म्हणाली, "बरं झालं बाई, वाचली. मेल्यांनी सात कंद मारले की हो तुमचे."

"त्यांनी नाही, मी मारले," म्हातारी म्हणाली. "त्यांना कळत नव्हतं. मला कंद सुरकुतले त्या दिवशीच कळलं होतं, आणि मी अर्ज लिहीत बसले."

तात्पर्य: रोग कळल्यावरही जो परवानगीची वाट पाहतो, तो कुजलेल्या मुळांना पाणीच घालत असतो.

राजकुंडीला पाणी चालू आहे. म्हातारीचा तिसरा अर्ज अद्याप प्रलंबित आहे.