एका मापाची वीट

फार पूर्वी, एका ओढ्याकाठच्या गावात सगुणाबाई नावाच्या शिक्षिका होत्या. शाळा ओढ्याच्या अलीकडे आणि गावाच्या तिन्ही वाड्या पलीकडे. पावसाळ्यात ओढा फुगला की मुलं जीव मुठीत धरून पाण्यातून यायची. एका श्रावणात खालच्या वाडीची एक मुलगी वाहून जाता जाता वाचली. तेव्हा पाटलांनी ओढ्यावर लाकडी साकव घालायचं ठरवलं. पण लाकूड होतं एकाच साकवापुरतं, आणि जो तो म्हणे, आमच्याच वाडीची मुलं जास्त.

कुठल्या वाडीची मुलं जास्त हे सगळ्यांना डोळ्यांनी दिसावं, म्हणून सगुणाबाईंनी ते काम मुलांवरच सोपवलं. शाळेच्या अंगणात चुन्याची सरळ रेघ ओढली, रेघेवर तीन वाड्यांच्या तीन जागा ठरवल्या. प्रत्येक मुलाने घरून एक वीट आणून आपल्या वाडीच्या जागी रचायची. ज्या वाडीची चळत उंच, तिची मुलं जास्त, आणि साकवही तिथेच.

दुसऱ्या दिवशी पाटील आले. फाटकातूनच त्यांनी पाहिलं, वरच्या वाडीची चळत सगळ्यांत उंच. साकव तिथेच होईल, असं सांगून ते वळले.

बाईंना हायसं वाटलं. त्या स्वतः वरच्या वाडीतच राहत, आणि दुखऱ्या गुडघ्यांनी ओढा ओलांडणं आता नकोसं झालं होतं. पण जवळ जाऊन पाहतात तो काय, वरच्या वाडीच्या मुलांनी विटांऐवजी खाणीतले मोठाले चिरे रचले होते. त्यात लबाडी नव्हती. हाताशी होतं ते त्यांनी आणलं. बाई गप्प राहिल्या असत्या, तर कुणी विचारलंही नसतं.

"पाटील, थांबा," त्या म्हणाल्या. "ही उंची चिऱ्यांची आहे, मुलांची नाही."

मग एकाच भट्टीच्या, एका मापाच्या विटा आणवल्या. मुलांनी चळती नव्याने रचल्या. या वेळी खालच्या वाडीची चळत उंच भरली. अगदी धाकट्यांनीही ती बोटाने दाखवली. साकव तिथे झाला. वरच्या वाडीने बाईंशी अबोला धरला. उरलेला सगळा पावसाळा बाई खालच्या वाडीच्या साकवावरून लांबचा वळसा घालून, गुडघे चोळत शाळेत आल्या.

पुढच्या वर्षी दुसऱ्या साकवाचं लाकूड आलं. आता उरलेल्या दोन वाड्यांत पुन्हा भांडण जुंपणार असं पाटलांना वाटलं. पण वरच्या वाडीनेच निरोप धाडला, "मुलांना विटा रचू द्या. बाई समोर असल्या की झालं. जे दिसेल ते आम्हाला मान्य."

तात्पर्य: माप सारखं असेल तरच तुलना खरी ठरते, आणि चूक आपल्या फायद्याची असली, तर ती आपणच आधी दाखवावी.